कॅमेरा बंद, पाहुणा हजर

मी वाचनालयाच्या देवघेवीच्या काउंटरवर एकतीस वर्षं बसतोय. या एकतीस वर्षांत मी तोंड मिटून बसलो असं फक्त दोनदा झालं. एकदा दाढ काढली तेव्हा, आणि एकदा बोलायलाच हवं होतं तेव्हा. त्या दुसऱ्या वेळेचं सांगायला बसलोय. ऐकून मला चार शब्द सुनावावेसे वाटले तर खुशाल सुनावा. बायकोचे तिच्या वाट्याचे केव्हाच सुनावून झालेत.

पण गोष्ट माझी नाही, खळबाईंची आहे. आमच्याकडे जिन्याखाली एक लांबट खोली आहे. फाटलेली, पाठ सुटलेली, कुणी चहा सांडलेली पुस्तकं तिथे जातात आणि आठवड्याभरात धडधाकट होऊन काउंटरवर परत येतात. हे काम बाई बावीस वर्षं करताहेत. सकाळी आल्या की पहिल्यांदा छोट्या शेगडीवर पिठाची खळ शिजवतात, पानं चिकटवायला. बाजारातला डिंक त्यांना चालत नाही, पान कडक होतं म्हणतात. त्या वासावरून कुणीतरी कधीतरी खळबाई म्हणालं आणि तेच नाव पडलं. तोंडावरही तसंच म्हणतात, आणि त्या ओ देतात. चणीने बुटक्या, बोटात शिवायचं अंगुस्तान, चष्मा दोरीने गळ्यात. बावीस वर्षांत एकाही मीटिंगमध्ये त्यांनी हात वर केला नव्हता. चहालासुद्धा आमच्यात बसत नसत; कप घेऊन आपल्या खोलीत जात.

त्यांना एकुलता एक मुलगा. लांब, परक्या देशात नोकरीला. सहा वर्षांपूर्वी बाईंचे यजमान गेले तेव्हा त्याला आधी रजा मिळेना, मग विमान मिळेना, आणि तो पोचला तेव्हा तीन दिवस उलटले होते. आम्ही वाचनालयातले चौघे नेमके त्याच वेळी भेटायला गेलो होतो, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "आता कशाला आलास?" एवढंच. तो आत आलाच नाही. दोन दिवस कुणा मित्राकडे राहिला म्हणे, आणि गेला. पुढे त्याचा फोन नंबर बदलला. बाईंनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही आणि आमचीही विचारायची छाती झाली नाही.

तर गेल्या वर्षी आमच्या मोठ्या हॉलचं छत उतरवायला काढलं. हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी वर्ग चालायचे, कुणी कॉम्प्युटर शिकायला यायचं, कुणी घरची जुनी पुस्तकं दुरुस्त करायला. ते बंद पडू द्यायचे नाहीत, असं आमच्या ग्रंथपाल मॅडमनी ठरवलं. मॅडम वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण एकदा ठरवलं की ठरवलं. मीटिंग घेतली आणि म्हणाल्या, वर्ग आता व्हिडिओ कॉलवर घ्यायचे, प्रत्येकाने एक तरी. हे कुणाला येतं? आम्ही सगळे आपापल्या मांडीकडे बघत बसलो. तेवढ्यात मागून अंगुस्तान घातलेलं बोट वर आलं.

मला येतं, बाई म्हणाल्या. कुठल्याशा लांबच्या शहरातल्या एका बाइंडरचा वर्ग त्या दोन वर्षं घरी बसून करत होत्या. ऐकायला घरात दुसरा आवाज नव्हता, हे त्या म्हणाल्या नाहीत, पण कळलं. सगळ्यांना मीच शिकवते, असंही म्हणाल्या. माझ्या हातातला कप वरच राहिला.

शिकवणी सुरू झाली. आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत एकेक कॉम्प्युटर धरून बसायचं, बाई त्यांच्या जिन्याखालून बोलायच्या. आता आमचा सगळ्यांचा जन्म 'शांतता राखा' या पाटीखाली गेलेला. मासिकं सांभाळणारे आमचे एक गृहस्थ समोर बसले आणि कुजबुजायला लागले. त्यांना म्हटलं मोठ्याने बोला, तर त्यांनी आधी मागे वळून बघितलं. आणि खरी गंमत पुढेच. बाईंनी एकेकाला वर्ग चालवायला दिला, तर प्रत्येकाने पहिलं काम काय केलं असेल? सगळ्यांचे माइक बंद. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, सगळ्यांना आपलं आपण सुचलं. दहा चौकोनांत दहा तोंडं, आणि सगळीकडे चिडीचूप. आम्हाला वाटलं, वा, काय छान शिस्तीत चाललंय.

बाईंना हसू आवरेना. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"ही वाचायची खोली नाही," त्या म्हणाल्या. "माइक उघडे ठेवा. कुकर वाजू दे, दार वाजू दे, कुणी खोकू दे. पलीकडे माणूस आहे हे कळायला नको का?"

त्यांचे नियम थोडेच होते. उजेड तोंडावर घ्यायचा, पाठीवर नाही. बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, वरच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघायचं; तरच पलीकडच्याला वाटतं की माझ्याकडे बघताहेत. वर्ग पंधरा मिनिटं आधी उघडायचा. आणि बंद शेवटी आपण करायचा, सगळे गेल्यावर. कुणी मागे रेंगाळलं असेल तर त्याला हाकलायचं नाही, त्याला काहीतरी विचारायचं असतं.

मला यातलं काही जमेना. माझ्या चौकोनात माझ्या दोन नाकपुड्या आणि वर फिरणारा पंखा, एवढंच दिसायचं. एका रविवारी शिकवणी घरून होती. मी वैतागलो आणि आतल्या खोलीत बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "बावीस वर्षं खळ ढवळली आणि आता आम्हाला अक्कल शिकवायला निघाल्यात." बायकोला ऐकू गेलं. वाचनालयातल्या सगळ्यांनाही गेलं, कारण माइक उघडा होता. बाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "काउंटरवाले, तुमचा माइक उत्तम चालतोय."

त्यानंतर मी शिकवणीला गेलो नाही. काउंटरवर गर्दी आहे, डोकं दुखतंय, चष्म्याचा नंबर बदललाय, काय वाट्टेल ते सांगितलं. तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती हे खरं कारण. पण मॅडमनी माझ्या नावावर अर्ज कसा लिहावा हा वर्ग टाकून ठेवला होता. ते माझंच काम होतं म्हणा. पाण्याच्या नळापासून बदलीपर्यंत या गावातले निम्मे अर्ज माझ्या काउंटरच्या कोपऱ्यावर लिहिले गेलेत. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. हात आपोआप चालतो. प्रश्न अर्जाचा नव्हता, त्या ठिपक्याकडे बघण्याचा होता.

बाईंचा स्वतःचा वर्ग दर शनिवारी दुपारी चारला सुरू झाला होता. घरच्या पुस्तकांची दुरुस्ती. त्यावरून मॅडमशी त्यांची एकदा जुंपली, म्हणजे बाईंच्या मानाने जुंपलीच. मॅडमचं म्हणणं, येणाऱ्याने नाव लिहावं, कॅमेरा चालू ठेवावा, आपण बघून आत घ्यावं. बाई म्हणाल्या, वाचायच्या खोलीत येऊन बसणाऱ्याला आपण आजवर कधी कोण, कुठला असं विचारलंय का? दार ढकलायचं आणि बसायचं. मग इथे का विचारायचं? नाव न लिहिता कुणी आलं की पडदा त्याला आपणहून 'पाहुणा' असं लेबल लावतो. तसंच राहू द्यायचं ठरलं.

बाई एवढ्या का अडून बसल्या ते मला शुक्रवारी कळलं. वर्गाची लिंक दर शुक्रवारी वाचनालयाच्या ई-मेलच्या पत्त्यावरून जाते, आणि तो कॉम्प्युटर माझ्या काउंटरवर. पाठवायच्या यादीत चाळीसेक पत्ते होते. सगळ्यांत खालचा पत्ता बाईंनी स्वतः टाकलेला. नाव वाचलं आणि लक्षात आलं. मुलाचा ऑफिसचा पत्ता होता. त्याला त्या बाकी काही लिहीत नव्हत्या. नुसती लिंक, सगळ्यांना जाते तशीच. उत्तर द्यायला नको, बोलायला नको, तोंड दाखवायला नको. दार ढकलायचं आणि बसायचं.

आणि या शहाण्याने काय केलं? मला तो वर्ग बघायचा होता. बाई कशा बोलतात, कुठे बघतात ते चोरून शिकायचं होतं. शिकवणीला जायला लाज वाटते आणि शिकायचं तर आहे, असा सगळा घोळ. शनिवारी दुपारी मी लेकीचं जुनं टॅबलेट स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं, नाव लिहिलं नाही, कॅमेरा बंद, माइक बंद, आणि आत शिरलो. काउंटर दहा मिनिटं आधी उघडायची सवय, त्यामुळे आत मी एकटाच. मी आणि बाई.

बाई सुई ओवत होत्या. माझा काळा चौकोन दिसला आणि हात थांबला. किती वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या, सरळ ठिपक्याकडे. म्हणजे माझ्याकडेच. मग एकदम हळू म्हणाल्या, "आलास?"

तिथेच मी बोलायला हवं होतं. मी आहे हो, काउंटरवाला. चार शब्दांचं काम. पण त्या रविवारचा माझा आवाज अजून माझ्याच कानात होता. पुन्हा तोच आवाज त्यांना ऐकवायचा? तेवढ्यात बाकीचे यायला लागले, आणि बाई वर्गाला लागल्या.

शिकवलं मात्र असं की काय सांगू. फाटलेलं पान आधी पाण्याच्या हाताने सारखं करायचं, घाई करायची नाही. जुनी शिवण ओढून काढायची नाही, एकेक टाका कापायचा. पानाला ओढ नेमकी कुठून बसलीय ते बघितल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. अधूनमधून विचारायच्या, दिसतंय ना? आणि विचारताना त्यांची नजर ठिपक्यावर असायची. पाच वाजता सगळे गेले, मी कुठलं बटण दाबायचं ते शोधत राहिलो. बाई म्हणाल्या, "सावकाश जा. मी बंद करणार नाही."

दुसऱ्या शनिवारी मी पुन्हा गेलो. का गेलो, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस देत होतो: शिकायला. खोटं आहे. त्या आठवड्यात सोमवारी बाई आमच्यात चहाला येऊन बसल्या होत्या. मासिकवाल्यांच्या कुठल्याशा विनोदावर हसल्या. केसात एक फूल होतं. आणि हे कशामुळे ते वाचनालयात फक्त मला माहीत होतं. शनिवारी जर तो काळा चौकोन दिसला नाही तर काय होईल, याची मला धास्ती वाटायला लागली. म्हणून गेलो. दुसऱ्या शनिवारी त्यांनी विचारलं, जेवलास का. तिसऱ्या शनिवारी म्हणाल्या की गॅलरीतलं झाड मेलं होतं त्याला फूट आलीय, आणि तुझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घेतला. थोडंच बोलायच्या, दोन-तीन वाक्यं, पहिला माणूस येईपर्यंत. मी डब्यासमोर बसून हो, हो अशी मान हलवायचो. कॅमेरा बंद असताना.

चौथ्या शनिवारी मी आत गेलो तेव्हा बाईंच्या हातात काहीच नव्हतं. सुई नाही, पुस्तक नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून बसल्या होत्या.

"दारात मी तुला जे बोलले ना," त्या म्हणाल्या, "ते तुला नव्हतं. राग कुणावर तरी काढायचा होता, आणि तू समोर आलास. तुझी चूक काही नव्हती. तू तीन दिवस धडपडून पोचलास, तुला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही मी. चुकले मी. हे एकदा सांगायचं होतं."

मागे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. बायको ओट्याशी उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. पडद्यावर बाकीचे यायला लागले, तसं मी टॅबलेट पालथं घातलं.

"कोण आहे ती? आणि तुमच्याशी काय बोलतेय?" बायकोने विचारलं. मी सगळं सांगितलं. सांगताना मध्येमध्ये मी म्हणत होतो की तिला बरं वाटतंय गं, चहाला येऊन बसते, हसते. बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुमच्या ताटात दुसऱ्याचं वाढलंय. आणि तुम्ही जेवताय." आणि निघून गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

सोमवारी मी जिन्याखाली गेलो. बाई गुणगुणत होत्या. मी एक फाटका शब्दकोश दिला आणि परत आलो. मंगळवारी गेलो, डिंकाची चौकशी करून आलो. बुधवारी दाढ ठणकायला लागली आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी शनिवारी दुपारची वेळ दिली. अशा रीतीने पाचव्या शनिवारी चार वाजता माझं तोंड उघडं होतं, पण आत दुसऱ्याचे हात होते.

सहाव्या शनिवारी मी पावणेचारला आत गेलो. त्याआधी टॅबलेट खिडकीसमोर नेलं, खाली तीन जाड पुस्तकं घातली, आणि नाव लिहिलं. बायको शेजारी उभी होती, दारोगा उभा राहावा तशी. मी कॅमेरा चालू केला, माइक चालू केला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आधी त्यांना नुसतं आश्चर्य वाटलं. "अरे वा, काउंटरवाले. उजेड बरोबर घेतलात," असंसुद्धा म्हणाल्या. मग माझं तोंड बघितलं असावं.

मी म्हणालो, "बाई, तो पाहुणा मी होतो."

मी भडाभडा सगळं ओकलो. लाज वाटत होती, चोरून शिकायचं होतं, मग उठून जाता येईना. क्षमा करा म्हणालो. दोनदा म्हणालो. त्यांनी गळ्यातला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सगळे शनिवार तुम्ही होतात?" त्यांनी विचारलं.

"पहिले चार. मागच्या शनिवारी नव्हतो, दाढ काढायला गेलो होतो."

बाईंचा चेहरा बदलला. तसा चेहरा मी त्यांच्या यजमानांच्या वेळीही पाहिला नव्हता.

"मागच्या शनिवारी पाहुणा होता," त्या म्हणाल्या. "चार वाजून पाच मिनिटांनी आला. मी त्याला म्हटलं, मागच्या वेळी बोलले ते बोलले, आता तो विषय परत काढायचा नाही, काम बघ. आणि शिवायला घेतलं. अर्ध्या तासाने बघितलं तर गेला होता."

पुढचं मला कळत होतं आणि माझ्या बायकोलाही कळत होतं. तिने तोंडावर पदर धरला. सहा वर्षांत बाईंना जे एकदा सांगायचं होतं ते त्यांनी मला सांगून टाकलं होतं, माझ्या पिठाच्या डब्यासमोर. आणि कदाचित ज्याला सांगायचं तो दार ढकलून आला, तेव्हा त्याला ऐकायला मिळालं की तो विषय काढायचा नाही. कदाचित तो नव्हताही. दुसरा कुणी असेल, चुकून शिरला असेल. पण हे आता कसं कळणार होतं? आणि असेलच तो, तर पुन्हा कशाला येईल?

चार वाजले. माणसं आली. बाईंनी चष्मा लावला आणि पूर्ण तास घेतला, एक टाका चुकला नाही. दिसतंय ना, असं मात्र त्या दिवशी त्यांनी एकदाही विचारलं नाही. पाहुणा आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला नाही. चहाला बाई परत आपल्या खोलीत बसायला लागल्या. मला त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागत होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या पुढच्या बुधवारी माझा वर्ग होता. पंधरा मिनिटं आधी उघडला, उजेड तोंडावर घेतला, ठिपक्याकडे बघितलं. सगळं बाईंचंच. सतरा माणसं आली, त्यात शेवटी स्वतः बाई. पण तोंड आपोआप सुरू झालं. मी म्हणालो, अर्जाचं एक बरं असतं, त्यात रडायचं नसतं. मनात कितीही असो, कागदावर चारच गोष्टी लिहायच्या. कुणाला, कशाबद्दल, काय झालं, आणि काय हवंय. विषय एका ओळीत बसला पाहिजे. बसत नसेल तर आपल्याला काय हवंय ते आपल्यालाच कळलेलं नाही. बाई खाली बघून लिहून घेत होत्या.

शुक्रवारी दुपारी त्या काउंटरवर आल्या. बाकीचे येतात तशाच, रांगेत उभ्या राहून. नंबर आल्यावर त्यांनी घडी घातलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

"तपासून द्या," म्हणाल्या. "पत्र लिहायला सहा वर्षं बसतेय, होत नाही. अर्ज जमला."

मी उघडला. वर मुलाचं नाव. त्याखाली:

विषय : दारात बोललेलं एक वाक्य मागे घेण्याबाबत.

सहा वर्षांपूर्वी तू आलास तेव्हा मी तुला 'आता कशाला आलास' असं म्हणाले. ते वाक्य मी मागे घेत आहे. ते तुझ्यासाठी नव्हतं. मध्यंतरी एका शनिवारी तू येऊन गेला असशील तर तेव्हा बोलले तेही मागे घेत आहे; ते चुकून बोलले. वर्ग शनिवारी चारला असतो. मी पावणेचारपासून असते. नाव सांगावं लागत नाही. तरी यावं, ही विनंती.

तुझी आई.

एकतीस वर्षांत हजारो अर्ज तपासले असतील. कुठे काना वाढवला, कुठे तारीख घातली. या अर्जात मला काही करता आलं नाही. मी चष्मा पुसला. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, काउंटर चालू आहे ना? मी त्याच्यावर असा खेकसलो की तो वर्तमानपत्रांकडे निघून गेला. मग मी टाइप करून, खाली लिंक लावून ते त्या एकाच पत्त्यावर पाठवलं. बाई गेलं का म्हणाल्या. मी गेलं म्हणालो.

शनिवारी मी पावणेचारला हजर होतो, नाव लिहून, तोंड दाखवून, म्हणजे काळा चौकोन आला तर तो माझा नाही हे निदान पक्कं असावं. बाईंनी मला बघितलं आणि मान हलवली. चार वाजले, माणसं आली, बाईंनी शिवायला घेतलं. सव्वाचार झाले. साडेचार. मी पडद्याचा कोपरा सोडून कुठे बघत नव्हतो. पाचला दहा कमी असताना खाली एक काळा चौकोन उघडला. पाहुणा.

बाईंची सुई कापडात अर्धी गेली होती, ती तशीच राहिली. वर्गातल्या कुणाला काही कळलं नाही; त्यांना वाटलं दोरा अडकला. बाईंनी मान वर केली, पडद्याकडे नाही, सरळ ठिपक्याकडे. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "बरं झालं आलास."

त्या चौकोनातलं बंद माइकचं चिन्ह नाहीसं झालं, आणि कुठल्याशा खोलीतला आवाज ऐकू यायला लागला. खोलीचा असतो तेवढाच आवाज.

पाच वाजता एकेक जण निघाला. पडद्यावर तिघे उरलो. आयुष्यात पहिल्यांदा मला बटण लगेच सापडलं, आणि मी बाहेर पडलो. बायकोने विचारलं, तोच आहे का? मी म्हटलं, मला काय माहीत, मी निघून आलो. ती म्हणाली, शहाणे झालात.

सोमवारी सकाळी मी जिन्याखाली गेलो. बाई शेगडीशी उभ्या राहून खळ ढवळत होत्या. डोळे सुजलेले. विचारू का नको करत मी दारातच घुटमळलो, तर त्यांनीच मागे न बघता सांगितलं.

"सव्वासहाला माझी बॅटरी संपली," त्या म्हणाल्या. "वायर पोचत नाही तिथपर्यंत. लांब वायरचा चार्जर मागवायचाय, अर्ज लिहून द्या."

"आणि तो?" मी विचारलं.

बाईंनी शेगडी बारीक केली.

"तोपर्यंत होता," त्या म्हणाल्या.